बॉम्बेवालीची एका दिवसाची मुंबई

३ फेब्रुवारी, सोमवार

मुंबईला जायचं ठरलं आहे आणि मी पुरती अडकले आहे. कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्या ह्यांना युनिटकडून दर वर्षी एक डायरी मिळते आणि दर वर्षी ती टीव्हीखाली पडून राहते. या वर्षी ती माझी. घरात कुणी वाचेल अशी भीती नाही. लेकीला, अवनीला, तेरावं लागलं, पण मराठी वाचताना जोडाक्षर आलं की ती हिंदीत उडी मारते. ह्यांना वाचता येतं, पण वाचायचा कंटाळा आहे.

झालं ते असं. आमचे हे, म्हणजे हवालदार मल्हारी खाडे, तीन वर्षांपूर्वी बदलून दिल्ली कॅन्टला आले. पहिल्याच आठवड्यात वेल्फेअर सेंटरमध्ये बायकांची मीटिंग होती. नव्या बायकांनी उभं राहून नाव-गाव सांगायचं. मी म्हणाले, विजयमाला खाडे, माण तालुका, सातारा. कर्नलसाहेबांच्या मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्या म्हणाल्या, "सातारा... बॉम्बे के पास?" मी म्हणाले, "जी." दिल्लीहून पाहिलं तर जवळच की. मागून कुणीतरी विचारलं, "समंदर के पास?" मी पुन्हा म्हणाले, "जी." एकदा मान हलली की हलतच राहते.

त्या दिवसापासून मी बॉम्बेवाली. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत कानपूरवाली आहे, जोरहाटवाली आहे, पण बॉम्बेवालीला जरा जास्त भाव असतो हे मला लगेच कळलं. मग मी घर समुद्रासमोर नेलं, खिडकीतून जहाजं दाखवली, रात्री लाटांच्या आवाजानं झोप लागत नाही अशी तक्रारसुद्धा केली. खरी गोष्ट अशी की मी मुंबई पाहिलेलीच नाही. माझ्या चुलत बहिणी, जावा, सगळ्या जाऊन आल्या. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न करून थेट फिरोजपूरला गेले ती अशीच फिरत राहिले. समुद्र पाहिला तो टीव्हीवर. आमच्या गावाला एक तलाव आहे, तो मार्च लागला की तळ दाखवतो.

शेजारच्या क्वार्टरमध्ये ममता राहते. ती हरयाणाची, रेवाडीकडची. नवरा फील्ड पोस्टिंगवर, म्हणून ती आणि तिची सासू दोघीच. सासूचं नाव भतेरी. चौथी मुलगी झाली तेव्हा आता पुरे म्हणून ठेवलेलं नाव. आम्ही सगळे तिला अम्मा म्हणतो. वर्षभर ती रोज संध्याकाळी पायरीवर बसून मला समुद्राबद्दल विचारते. पाणी खारट म्हणजे किती खारट? जनावरं पितात का? रोज तेवढंच असतं का? मी म्हणायचे, रोज तेवढंच, अम्मा, समुद्राला काय कमी. तिची एक अट आहे, ज्याचा पलीकडचा किनारा दिसतो तो समुद्र नाही. मी म्हणायचे, आमच्या समुद्राचा नाहीच दिसत.

आज ममता तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती. काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्यात नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं गोल दिसतं, आणि ते गोल लहान होत चाललं आहे. दिवाळीपर्यंत टिकेल असं डॉक्टरांना वाटत नाही. घरी आल्यावर ममतानं विचारलं, अम्मा, काय पाहायचं राहिलंय? तिला वाटलं हरिद्वार म्हणेल, नाहीतर मुलाला बोलावून घ्या म्हणेल. अम्मा म्हणाली, "समंदर. बॉम्बेवाली दिखावैगी."

ममता मला हे सांगताना हसत होती, पण डोळे सुजलेले होते. मी म्हणाले, "ज़रूर, अम्मा." दुसरं काय म्हणणार?

५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं. हे बुटांना पॉलिश करत होते. हात न थांबवता म्हणाले, "मग खरं सांगून टाक."

"तीन वर्षांनी? काय तोंडानं?"

"मग नको सांगू. जा."

"अहो, मला तिथलं काही ठाऊक नाही. कुठे न्यायचं, कुठून जायचं."

"विजे, मी एकदा व्हीटीला उतरलोय. समुद्र पश्चिमेला आहे. पश्चिमेकडे चालत सुटलं की लागतोच. चुकवायचा म्हटला तरी चुकत नाही."

फौजी माणसाला सगळंच सोपं वाटतं. पुढच्या वर्षी पेन्शनीत निघायचं, गावी जायचं, मग या लाइनीतल्या बायका कोण आणि आपण कोण, असं म्हणतात. पण ममता म्हणजे लाइनीतली बाई नव्हे. मला डेंग्यू झाला तेव्हा बारा दिवस अवनीचा डबा तिनं केला. तिला कळलं की तिच्या आंधळ्या होत चाललेल्या सासूला मी वर्षभर थापा मारत होते, तर ती काय म्हणेल?

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस मोबाइलवर मुंबईचा नकाशा पाहते आहे. मुंबई बेट आहे हे शाळेत शिकले होते, पण नकाशात पाहिलं तर सगळीकडून पाणी, मग कुठल्या बाजूचं पाणी पाहायचं हेच कळेना. अवनी पाठीमागे येऊन उभी राहिली.

"आई, हे काय सर्च करतेयस? आपलं गाव तर तिकडे नाहीच आहे."

"तू गप्प बस. आणि बाहेर कुणाला बोलू नकोस."

"किसको? ममता आंटीला तर मी कबके आपल्या गावचे फोटो दाखवले. उन्हाळी सुट्टीतले. आज्जी, बैल, तो सुकलेला तलाव, सगळे."

मला घामच फुटला. मग शांतपणे विचार केला. फोटोत गाव दिसलं, यात काय बिघडलं? मुंबईतल्या लोकांना गाव असतंच. ममताला वाटलं असेल, एक घर मुंबईला, एक गावाला. ती त्यानंतर मला काही बोलली नाही, म्हणजे तिच्या लक्षात आलेलं नाही. ममता स्वभावानं भोळी आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

देवच पावला! आज ममता भाजी निवडायला येऊन बसली आणि आपणहून म्हणाली, "दीदी, आपको तो सब पता है, पर अम्मा के साथ आप भी थक जाओगी. वहाँ एक दिन की बस चलती है, गाइड के साथ. सुबह से शाम तक सब दिखा देते हैं. वो ले लें? आप आराम से बैठना."

मी थोडे आढेवेढे घेतले. म्हणाले, गाइडची काय गरज, मी आहे की. पण फार नाही घेतले, नाहीतर तिनं खरंच बेत बदलला असता.

"आप कितने साल से गई नहीं हो, सब बदल गया होगा," ममता म्हणाली.

हे तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. काही चुकलं की म्हणायचं, सगळं बदललंय बाई. तिनं मला वाचवलं आणि तिला बिचारीला त्याचा पत्ताही नाही. तिकिटं काढली. कुलाब्याला ट्रान्झिट कॅम्पमध्ये खोली मिळेल असं ह्यांनी विचारून ठेवलं आहे. एकवीस तारखेची बस.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या निघायचं. अम्मानं नवे कॅनव्हासचे बूट घेतले आहेत आणि दोन दिवस ते घालून व्हरांड्यात फेऱ्या मारते आहे. घागरा, ओढणी आणि पांढरे बूट. चालताना भिंतीला खांदा घासत चालते, म्हणजे भिंत आहे हे कळतं. आज मी समोरून गेले तर तिला दिसलेच नाही. मग मान फिरवत फिरवत तिनं मला त्या गोलात आणलं आणि म्हणाली, "आ गई तू."

ह्यांनी पुन्हा सांगितलं, गाडीत बसायच्या आत खरं सांग. मी म्हटलं बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार, गाडीत

सांगितलं नाही. गाडी चार तास उशिरा आहे. अम्मा सगळ्या डब्याला सांगते आहे की मी बॉम्बेची आहे आणि तिला समुद्र दाखवायला नेते आहे. वरच्या बर्थवरच्या बाईनं मला विचारलं, बॉम्बे में कहाँ? मी झोपेचं सोंग घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार, परतीच्या गाडीत

काल लिहायचं त्राण नव्हतं. सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी आठला गेटवेपाशी बस. बत्तीस माणसं. गाइडचं नाव गुलाबराव, पंचावन्नच्या आसपासचे, डोक्यावर टोपी, कॉलरला माइक, कमरेला छोटा स्पीकर, गळ्यात शिट्टी. प्रत्येक वाक्य मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. विनोद मात्र तिन्ही भाषांत एकच. प्रत्येक कुटुंबाला त्यांनी नंबर दिला. आम्ही नऊ नंबर. शिट्टी वाजली की सगळ्यांनी यायचं, न आल्यास नंबरानं हाक.

गेटवेला पाणी पाहिलं आणि मीच अम्माआधी थबकले. मोठं होतं. आमच्या तलावाचा आणि याचा काही संबंध नाही. मी म्हणाले, "अम्मा, समंदर!" अम्मानं मान स्थिर धरली, मग बोटभर सरकवली, पुन्हा स्थिर धरली. असं करत करत ती एका जागी थांबली.

"वो के सै?"

लांब धुक्यात डोंगराची रेघ होती. गुलाबराव म्हणाले, "तो पलीकडचा किनारा, आजी. उरणची बाजू."

"दूसरा किनारा दीखे सै," अम्मा म्हणाली. "यो तो जोहड़ सै."

जोहड़ म्हणजे त्यांच्याकडचं गावतळं. गुलाबरावांना ते फारच लागलं. "तीस वर्षं हेच काम करतोय, याला तळं म्हणणारी बाई आज पहिल्यांदा भेटली," असं ते तिन्ही भाषांत म्हणाले आणि बस हसली. मला हायसं वाटलं. दिवस मोठा होता, पुढे खरा समुद्र येणारच होता.

पण बसच्या सहलीत एक गोष्ट असते, जी मला घरी बसून कळली नसती. गाइड म्हणतो डावीकडे पाहा, सगळे डावीकडे पाहतात, आणि बस पुढे जाते. अम्माला डावीकडे पाहायचं तर आधी मान वळवायची, मग गोल जमवायचं, मग त्यात काय आलं ते ओळखायचं. तोवर गुलाबराव उजवीकडे गेलेले असत. म्युझियमचा घुमट, स्टेशनची इमारत, सगळ्याच्या जागी तिला मागची टॅक्सी दिसली. मरीन ड्राइव्हला समुद्र होता, अगदी खिडकीशी, पण तो डावीकडे आणि आम्ही उजव्या बाजूला. ममतानं डावीकडच्या माणसाला विनवून जागा बदलून घेतली, अम्माची हनुवटी धरून तोंड तिकडे केलं, आणि नेमकी शेजारून दुसरी उंच बस आली. ती गेली तेव्हा आम्ही चढाला लागलो होतो.

"के था?" अम्मानं विचारलं.

"बस थी, अम्मा," ममता म्हणाली.

मी पुढे जाऊन गुलाबरावांना म्हणाले, जरा पाच मिनिटं थांबता येईल का? ते म्हणाले, ताई, इथे बस उभी केली तर पोलीस मला उभा करतील. पुढे वांद्र्याला बँडस्टँडवर पंचवीस मिनिटं आहेत, तिथे समुद्र अगदी पायाशी.

वरच्या बागेत झाडं आणि धुरकट हवा. मग बराच वेळ नुसता ट्रॅफिक. पाऊणच्या सुमाराला बँडस्टँडला उतरलो. गुलाबराव म्हणाले, "पंचवीस मिनिटं. समोर सिनेमावाल्यांचे बंगले, मागे समुद्र." सगळी बस बंगल्यांच्या फाटकाकडे धावली. आम्ही तिघी उलट्या दिशेला, कठड्याकडे.

समुद्र नव्हता.

काळे खडक होते, लांबपर्यंत. त्यांच्यात डबकी, शेवाळ, आणि खडकांवर जोडीजोडीनं बसलेली पोरं-पोरी. फार लांब एक पांढुरकी पट्टी होती, ती हवा होती की पाणी ते कळत नव्हतं. अम्मानं डोळा लावला. मान सरकवली. पुन्हा सरकवली.

"पत्थर सैं," ती म्हणाली. "पानी कित सै?"

ममतानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, बॉम्बेवाली, म्हणाले, "फरवरी खत्म होने को है ना, अम्मा. गर्मी में थोड़ा सूख जाता है. बारिश में फिर भर जाएगा."

ही मात्र मी थाप मारली नव्हती. मला खरंच तसं वाटलं. पाणी गेलंय, उन्हाळा आलाय, आता जूनपर्यंत वाट पाहायची. माझ्या मनात तर हेही येऊन गेलं की जूनपर्यंत अम्माचा डोळा राहील का.

गुलाबराव मागे चहा घेऊन उभे होते आणि त्यांचा माइक चालू होता. "अहो ताई!" त्यांचा आवाज स्पीकरमधून सगळ्या रस्त्यावर गेला. "समुद्र कुठे आटतो का? ओहोटी आहे, ओहोटी!"

बंगल्यासमोरची माणसंसुद्धा वळून पाहायला लागली. गुलाबरावांनी माइक बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. "तुम्ही कुठल्या म्हणायच्या?" त्यांनी विचारलं.

"माण," मी म्हणाले. "सातारा जिल्हा."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आता ते हसत नव्हते. "माणच्या माणसाला पाणी गेलं की गेलंच वाटणार. हे परत येतं, ताई. दिवसातून दोनदा. आज सहा-साडेसहाला या कठड्याला लागेल."

भरती-ओहोटी मी भूगोलात शिकले आहे. परीक्षेत उत्तरही लिहिलं आहे, चंद्रासकट. पण मला वाटायचं बादलीतलं पाणी हलतं तसं चार बोटं खालीवर होत असेल. आख्खा समुद्र उठून जातो आणि परत येतो, असं कुणी सांगितलंच नव्हतं. अम्माला मी वर्षभर सांगत आले, रोज तेवढंच असतं.

मी ममतापुढे उभी राहिले. म्हणाले, "ममता, मैं मुंबई की नहीं हूँ. मैंने मुंबई कभी देखी ही नहीं. समंदर भी आज पहली बार देखा. सब झूठ था."

ममता पिशवीत काहीतरी शोधत होती. म्हणाली, "दीदी, अम्मा को पानी पिला दो, धूप लग रही है."

मला वाटलं वाऱ्यामुळे तिला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा सगळं सांगितलं, जरा मोठ्यानं.

"सुन लिया, दीदी. बोतल नीचे है, पराठों के नीचे."

तिला फार राग आला असणार. रागावलेला माणूस असाच कामापुरतं बोलतो. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बाटली काढली, अम्माला पाणी पाजलं आणि मला रडू आलं. ममतानं पराठ्यात लोणचं गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि आम्ही तिथेच बाकावर बसून खाल्लं.

शिट्टी झाली. "नऊ नंबर! चला!"

अम्मा उठली नाही. "यो आवैगा ना? भाई बोल्या, आवैगा," ती म्हणाली. "मैं ना जाऊँ."

गुलाबरावांनी समजावलं. बस थांबणार नाही, अजून जुहू आहे, देऊळ आहे, संध्याकाळी गेटवेला सोडायचं आहे. जुहूलाही पाणी आत गेलेलं असेल, पण बऱ्यापैकी दिसेल. बसमधल्या लोकांनी चुळबूळ सुरू केली. ममता माझ्याकडे वळली. "दीदी, आप बताओ. क्या करें?"

एवढं सगळं ऐकूनसुद्धा तिनं मलाच विचारलं. याचं मला अजून नवल वाटतं आहे. सवयीनं विचारलं असेल. मी म्हणाले, "इथेच थांबू." म्हणाले मराठीत, पण तिला कळलं.

गुलाबरावांनी तिकिटाच्या मागे आपला नंबर लिहून दिला, कुलाब्याला परत कसं जायचं ते लिहिलं, स्वच्छतागृह कुठे आहे ते बोटानं दाखवलं. "खडकांवर उतरू नका. पाणी येताना वाट बघत नाही," असं दोनदा बजावलं. बस गेली आणि आम्ही तीन बाया राहिलो.

पाच तास म्हणजे फार वेळ असतो. सावली सरकेल तसा आम्ही बाक बदलला. दोनदा चहा घेतला, एकदा चणे. स्वच्छतागृहाला जाऊन आलो, त्यात अर्धा तास गेला, कारण अम्मा रस्ता ओलांडताना प्रत्येक गाडीपाशी थांबत होती. अम्मा थोडी झोपली. ममतानं नवऱ्याला फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते. एकदा धीर करून म्हणाले, "तू नाराज है ना?" ती म्हणाली, "किस बात से?" मी चण्याची पुडी तिच्यापुढे धरली. पुन्हा तेच सगळं तोंडानं सांगायची ताकद नव्हती.

अम्मा उठली आणि विचारलं, "कितणी दूर सै?"

मी उठून कठड्यापाशी गेले. तीनच्या पुढे कधीतरी ती पांढुरकी पट्टी पाण्यासारखी दिसायला लागली होती. मग मी अम्माला सांगत राहिले. तो उंटासारखा खडक आहे, त्याच्या पलीकडे आहे अजून. आता उंटाच्या गुडघ्याला लागलं. आता डबकी एकमेकांना जोडली गेली. आता पोरं उठायला लागली, एकानं चपला हातात घेतल्या. आता उंटाचं नुसतं डोकं वर. वर्षभर मी तिला समुद्र सांगत आले होते, पण काल पहिल्यांदा तो पाहून सांगितला. थाप मारायला जागाच नव्हती, सगळं समोर चाललं होतं. अम्मा मध्येच म्हणायची, "फेर?" आणि मी पुढचं सांगायचे. ममता हसायला लागली होती. तिचं हसणं ऐकून मला किती बरं वाटलं, ते लिहिता येत नाही.

साडेपाचला एकही खडक उरला नव्हता. पाणी कठड्याखालच्या दगडांवर आपटत होतं आणि वरपर्यंत शिंतोडे येत होते. ऊन तिरपं झालं होतं. आम्ही अम्माला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.

तिनं डोळा लावला. डावीकडे पूल लागला, तेव्हा विचारलं काय आहे, मी सांगितलं पूल. मग ती उजवीकडे निघाली. मान बोटभर सरकवायची, थांबायची. पुन्हा बोटभर. दर वेळी मला वाटायचं आता विचारेल, हे काय आहे? पण तिनं विचारलं नाही, कारण प्रत्येक वेळी त्या गोलात पाणीच होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. एका टोकाला पोचली, तशीच परत आली.

"किनारा कोनी," ती म्हणाली.

"नहीं है, अम्मा."

मग तिनं ओढणीनं डोळा पुसला आणि पुन्हा लावला. मी घाबरले. वाटलं, तिला नीट दिसलाच नाही, एवढ्या लांब आणून, बस सोडून, पाच तास बसवून काही उपयोग झाला नाही.

"मन्ने तो टुकड़ा-टुकड़ा दीखे सै," ती म्हणाली. "तन्ने सारा दीखे के?"

मला तुकड्यातुकड्यानं दिसतोय, तुला सगळा दिसतो का, असं ती विचारत होती. हो म्हणणं सोपं होतं. मी पाहिलं. डोळे ताणून पाहिलं. इकडे पाहावं तर तिकडचा सुटत होता, तिकडे पाहावं तर इकडचा.

"नहीं, अम्मा," मी म्हणाले. "सारा तो मुझे भी नहीं दिखता."

तिनं मान ममताकडे वळवली, तिला गोलात आणलं. "तन्ने?"

"ना, अम्मा. मन्ने भी ना."

"फेर ठीक सै," अम्मा म्हणाली.

वर्षभरात व्हरांड्याबाहेर तिनं ममताचा हात एकदाही सोडला नव्हता. काल तो तिनं आपणहून सोडला. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि अंधार पडेपर्यंत एकटी उभी राहून पाहत राहिली.